शोधखिडकीतली विरामचिन्हं

मागच्या अंकात पासवर्डांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरेच फोन आले, पण खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्या फोनांचा पासवर्डांशी काहीएक संबंध नव्हता. "अहो, ते पासवर्डचं कळलं, पण हल्ली गुगलवर हवं ते सापडतच नाही, त्याचं काय ते लिहा," असा एकूण सूर होता. एका काकूंनी तर "पूर्वी गुगल हुशार होतं, आता म्हातारं झालंय" असं निदानही करून टाकलं. तेव्हा या वेळचं 'यंत्र-तंत्र' त्याच विषयावर.

काकूंचं निदान अगदीच चुकीचं नाही. गुगल कंपनी १९९८ साली निघाली तेव्हा पानं कमी होती आणि ती बहुतेक माणसांनी माणसांसाठी लिहिलेली होती. आता आपण काही विचारलं की पहिली चार-पाच उत्तरं पैसे देऊन वर चढलेली असतात. 'स्पॉन्सर्ड' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण चष्मा शोधेपर्यंत बोट दाबलं गेलेलं असतं. त्याखाली यंत्राला आवडावीत म्हणूनच लिहिलेली पानं. आणि अमेरिकेत मे २०२४ पासून या सगळ्याच्या डोक्यावर यंत्रानं स्वतः लिहिलेला एक परिच्छेद येऊन बसू लागला. लग्नात एखादे काका असतात ना, विचारलं नसतानाही आत्मविश्वासानं माहिती देणारे, त्यातली बरीचशी बरोबर आणि थोडीशी वीस वर्षांपूर्वीची, तसा तो परिच्छेद.

पण आणखी एक कारण आहे आणि ते या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं. यंत्र हल्ली आपण टाइप केलेले शब्द शोधत नाही, आपल्याला काय म्हणायचं असावं असं त्याला वाटतं ते शोधतं. समानार्थी शब्द स्वतःच घालतं, एखादा शब्द अडचणीचा वाटला तर गाळून टाकतं. वाण्याकडे साबुदाणा मागावा आणि त्यानं "उपासाचंच काहीतरी हवंय ना?" म्हणून वरईचे तांदूळ बांधून द्यावेत, तसा प्रकार. नऊ वेळा चालून जातं. दहाव्या वेळी आपल्याला साबुदाणाच हवा असतो.

त्या दहाव्या वेळेसाठी काही चिन्हं आणि काही शब्द आहेत. इंग्रजीत त्यांना सर्च ऑपरेटर म्हणतात. शिकायला एक संध्याकाळसुद्धा लागत नाही. आता आपल्या मासिकाच्या रिवाजाप्रमाणे मी सगळं देवनागरीत लिहिणार, पण शोधखिडकीत हे खास शब्द आणि पत्ते इंग्रजी लिपीतच टाइप करायचे, आकडेसुद्धा इंग्रजी. ते 'साइट:' म्हणून देवनागरीत टाकलंत तर यंत्र गोंधळेल आणि पुन्हा फोन मला येतील.

हे सगळं कशाला शिकायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक खरीखुरी हकिकत. आमच्याच गावातलं एक मराठी कुटुंब. मुलगी सोळा वर्षांची, तिचा अमेरिकन पासपोर्ट नुकताच नवा झालेला. उन्हाळ्यात आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी सांगलीला जायचं ठरलेलं, तिकिटं काढलेली. तिच्या ओसीआय कार्डावर जुन्या पासपोर्टाचा नंबर. वडिलांनी रात्री जेवणं झाल्यावर 'ओसीआय रिन्यूअल' एवढे दोन शब्द टाइप केले आणि पहिला दुवा उघडला. वर तिरंग्याच्या पट्ट्या, अशोकस्तंभासारखं दिसणारं काहीतरी, सगळं कसं सरकारी. फॉर्म भरला, मुलीचा पासपोर्ट, जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट सगळं स्कॅन करून चढवलं आणि 'प्रोसेसिंग' म्हणून काही शे डॉलर कार्डावर भरले. मग तीन आठवडे सामसूम. ई-मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत.

गंमत म्हणजे, आणि ही गंमत त्यांना अजून गोड लागलेली नाही, या कामाला पैसे लागणारच नव्हते. ओसीआय योजना २००५ च्या कायद्यानं आली, तेव्हापासून नियम असा होता की वीस वर्षांच्या आत जितक्या वेळा पासपोर्ट नवा होईल तितक्या वेळा कार्डही नवं काढायचं आणि पन्नाशी उलटल्यावर आणखी एकदा. एप्रिल २०२१ मध्ये भारताच्या गृहमंत्रालयानं तो बदलला. आता कार्ड नवं काढायचं ते एकदाच, वीस वर्षं पूर्ण झाल्यानंतर पासपोर्ट नवा होईल तेव्हा. त्याआधी प्रत्येक नव्या पासपोर्टाच्या वेळी, आणि पन्नाशीनंतर एकदा, नव्या पासपोर्टाची प्रत आणि फोटो सरकारी साइटवर तीन महिन्यांच्या आत चढवायचा. फुकट. मुलगी सोळाची, म्हणजे फक्त चढवायचं काम.

मग त्यांना हे दिसलं का नाही? कारण २०२१ पूर्वीच्या पंधराएक वर्षांत जुन्या नियमाबद्दल हजारो पानं लिहिली गेली. ती कुणी पुसलेली नाहीत. यंत्राच्या दृष्टीनं ती जुनी, वजनदार, पुष्कळांनी वाचलेली पानं. नवा नियम बिचारा त्या गर्दीत मागच्या रांगेत उभा. पैसे गेले ते गेले, पण चौघांच्या घरातले पासपोर्ट कुणातरी अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर बसले आहेत, त्याची टोचणी त्या माउलीला अजून आहे.

आता हाच शोध कसा घ्यायचा ते बघू. आधी शब्द लिहायचे: ओसीआय, पासपोर्ट, अपलोड. मग एक जागा सोडून 'साइट' हा शब्द, इंग्रजीत एस-आय-टी-ई. त्याला चिकटून कोलन म्हणजे अपूर्णविराम, आणि कोलनला चिकटून 'गव्ह.इन'. कोलनच्या पुढे जागा सोडायची नाही, सगळी गोम तिथे आहे. जागा सोडली की यंत्र 'साइट' हा साधा शब्द समजतं. एवढं केलंत की ज्यांच्या पत्त्याचा शेवट गव्ह.इन असा आहे, म्हणजे भारतातल्या केंद्र आणि राज्य सरकारांच्या साइट्स, तेवढ्याच दिसतील. एजंट, दलाल, 'एक्स्पर्ट' सगळे एका फटक्यात बाहेर.

त्याच्याही पुढे 'आफ्टर:२०२१' असं लिहिलंत, म्हणजे ए-एफ-टी-ई-आर आणि कोलन, तर त्यानंतरची पानं येतात. पूर्ण तारीखही चालते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे आडव्या रेघा. उलट दिशेला 'बिफोर:' आहे. ही दोन्ही गुगलनं २०१९ साली दिली. मात्र तारखेवर डोळे मिटून विसंबू नका. पानाची तारीख यंत्र अंदाजानं ठरवतं आणि काही चतुर मंडळी जुन्याच मजकुरावर दर वर्षी नवी तारीख चिकटवतात. दुकानातल्या शिळ्या पावावर नवं लेबल लावतात तसं. म्हणून साइट आणि आफ्टर ही जोडी एकत्र वापरावी.

पत्ता वाचायचा कसा, हेही इथंच सांगून टाकतो, कारण चिन्हांपेक्षा हे जास्त उपयोगी आहे. आपलं मराठी नाव कसं असतं? आधी स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. घराणं कळतं ते शेवटच्या शब्दावरून. वेबसाइटचा पत्ताही तसाच. पहिली तिरकी रेघ येते तिथपर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचं. ओसीआयची अधिकृत साइट आहे 'ओसीआयसर्व्हिसेस.गव्ह.इन'. आडनाव गव्ह.इन, घराणं सरकारी. पण समजा पत्ता आहे 'गव्ह.इन.अमुकतमुक.कॉम', तर याचं आडनाव अमुकतमुक.कॉम, गव्ह.इन हे नुसतं मधलं नाव लावलंय. 'गव्ह-इन.कॉम' अशी आडवी रेघ घातलेलीही असतात, तीही त्या घराण्यातली नव्हेत. साइट: या ऑपरेटरला हे आडनाव बरोबर कळतं, तो असल्या तोतयांना आत घेत नाही. माणसाचा डोळा फसतो, त्याचा नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. पासपोर्ट-व्हिसाचे अर्ज स्वीकारायचं काम बऱ्याच देशांत खाजगी कंपन्यांकडे दिलेलं असतं, त्यांचं आडनाव गव्ह.इन नसतं आणि तरीही त्या खऱ्या असतात. अशा वेळी आधी साइट:गव्ह.इन लावून आपल्या भागातल्या दूतावासाची किंवा वकिलातीची साइट शोधायची आणि तिथल्या दुव्यावरूनच पुढे जायचं. ओळखीनं गेलेलं बरं.

अमेरिकन सरकारचं आडनाव नुसतं गव्ह. साइट:आयआरएस.गव्ह लावून एफबार शोधा, म्हणजे भारतातल्या सगळ्या बँकखात्यांची मिळून बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर काय कळवायचं असतं ते मूळ जागी वाचायला मिळेल, कुणाच्या मेव्हण्याच्या सीपीएनं काय सांगितलं ते नव्हे. इमिग्रेशनचे फॉर्मही यूएससीआयएस.गव्ह वर फुकट मिळतात. अर्जाची फी वेगळी, पण कोरा फॉर्म कुणी विकत देऊ लागला तर तिथून उठायचं.

मुलांच्या शाळांच्या बाबतीतही साइट: हा रामबाण. स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर स्वतःची एक शोधखिडकी असते, तीत 'कॅलेंडर' टाकलं की २०१४ च्या बेक सेलचं पत्रक निघतं. त्या खिडकीच्या नादी न लागता गुगलमध्ये साइट: आणि डिस्ट्रिक्टचा पत्ता लिहावा, शेवटी 'फाइलटाइप:पीडीएफ' असं जोडावं. सुट्ट्यांचं छापील वेळापत्रक, बसचे मार्ग, गणिताच्या वरच्या वर्गाला बसायचे निकष, हे सगळं बहुतेक पीडीएफमध्येच पुरून ठेवलेलं असतं. हाच फाइलटाइप कपडे धुण्याच्या मशीनचं हरवलेलं माहितीपुस्तक काढायलाही उपयोगी. मशीनच्या दारामागचा मॉडेल नंबर अवतरणचिन्हांत घालायचा आणि पुढे फाइलटाइप:पीडीएफ. मॅन्युअल विकणाऱ्या साइट्सकडे बघायचंसुद्धा नाही.

अवतरणचिन्हांचं नाव निघालंच आहे. दुहेरी अवतरणचिन्हांत घातलेले शब्द यंत्र जसेच्या तसे, त्याच क्रमानं शोधतं. साबुदाणा म्हणजे साबुदाणाच. एकच शब्द असला तरी चिन्हांत घालता येतो, म्हणजे तो गाळला जात नाही. पूर्वी यासाठी शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावायचे. अल्टाव्हिस्टाच्या काळातल्या मंडळींना आठवत असेल. अल्टाव्हिस्टा १९९५ च्या डिसेंबरात आलं, २०१३ साली बंद झालं. गुगलनं ते अधिक चिन्ह २०११ साली काढून टाकलं, कारण त्यांना 'गुगल प्लस' नावाच्या आपल्या नव्या प्रकरणासाठी ते हवं होतं. ते प्रकरणही पुढे २०१९ मध्ये आटोपलं, पण चिन्ह काही परत आलं नाही. जुन्या पुस्तकांत 'कॅश:' म्हणून आणखी एक ऑपरेटर वाचाल, बंद पडलेल्या पानाची साठवलेली प्रत दाखवणारा. तोही २०२४ मध्ये गेला. जुनी पानं बघायची तर आता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनकडे जावं.

मराठीत शोधताना मात्र अवतरणचिन्हं जरा जपून वापरावी लागतात, आणि हे इंग्रजी पुस्तकांत तुम्हाला कुणी सांगणार नाही. आपल्या भाषेत नाम जागचं हललं की रूप बदलतं. कोल्हापूर दीर्घ, पण कोल्हापुरात, कोल्हापुरातील, कोल्हापुराहून ऱ्हस्व. तुम्ही "कोल्हापूर" चिन्हांत घातलंत की 'कोल्हापुरातील वाडे' या नावाचा चांगला लेख यंत्र बाजूला ठेवील, कारण ती अक्षरंच वेगळी. इंग्रजी शाळेत शिकलेल्या यंत्राला आपलं सामान्यरूप काय माहीत! तेव्हा दोन्ही रूपं द्यायची आणि मधे 'ऑर' लिहायचं. हा ऑर मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लागतो, ओ आणि आर दोन्ही कॅपिटल. लहान अक्षरांत लिहिलात तर तो फुकट जातो.

दुसरी अडचण शेजारणीची. हिंदी आणि मराठी एकाच लिपीत, त्यामुळे पुष्कळदा मराठी शब्द टाकावा आणि सगळी हिंदी पानं यावीत. 'शिक्षा' हा शब्द टाकून बघा. आपल्याकडे ती गुन्ह्याला होते, हिंदीत ती शाळेत मिळते. (काहींच्या अनुभवात फरक नसेल, ती गोष्ट निराळी.) यावर साधा उपाय म्हणजे आपल्या शब्दांबरोबर "आहे" हा शब्द अवतरणचिन्हांत घालायचा. बहुतेक प्रत्येक मराठी पानावर कुठेतरी 'आहे' असतंच आणि हिंदीत ते नाही. त्यानं भागलं नाही तर 'है' ला उणे चिन्ह लावायचं.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'कुऱ्हाड' या शब्दातला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारांनी साठवला जातो. 'ॲप' मधला ॲसुद्धा दोन प्रकारांनी, काही कळफलकांवर ते एक अक्षर आहे, काहींवर अ आणि वरचा चंद्र अशी दोन. पडद्यावर सारखंच दिसतं, आत मात्र सख्खे नव्हेत, चुलत. चिन्हांत घालून काही सापडलं नाही आणि शब्द असा ऱ्या-ऱ्हा वाला असेल, तर चिन्हं काढून पुन्हा बघावं किंवा शब्द दुसऱ्या ठिकाणाहून उचलून चिकटवावा. आणि जे मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप झाले, त्यांत वरून मराठी दिसत असलं तरी आत रोमन अक्षरांची भेळ असते. जुन्या मराठी साइट्स आणि पीडीएफमधला पुष्कळ मजकूर असा अडकून पडलेला आहे. तो कुठल्याच ऑपरेटरनं निघत नाही. आपल्या मंडळाचे जुने अंक कुणी वेबवर चढवणार असेल तर निदान लेखांची आणि लेखकांची नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, एवढी विनंती इथं करून ठेवतो. नाहीतर आपल्याच नातवंडांना ते सापडायचे नाहीत.

उणे चिन्हाबद्दल ओझरतं बोललो, त्याला जरा जास्त मान द्यायला हवा. शब्दाच्या आधी, शब्दाला चिकटून, आणि त्याच्या मागे एक जागा सोडून उणे चिन्ह लावलं की तो शब्द असलेली पानं वगळली जातात. आमच्या घरी एकदा आंबोळीची कृती हवी होती, मालवणी पद्धतीची, तांदूळ-उडदाची. रोमन लिपीत ळ नाही, हे आपलं जुनं दुःख. त्यामुळे इंग्रजीत 'आंबोळी' टाइप केलं की सावंतवाडीजवळचं आंबोली घाट आणि तिथले धबधबे, आणि शिवाय अंधेरीची आंबोली. मग 'वॉटरफॉल' ला उणे, 'हॉटेल' ला उणे, 'अंधेरी' ला उणे, असं तीनदा वजा केल्यावर जे उरलं ते तव्यावरचं. अर्थात देवनागरीत टाइप केलं असतं तर ळ नं काम लगेच झालं असतं, पण आमच्या चिरंजीवांना ते जमत नाही आणि शोधत तो होता.

हे सगळं 'आणि', 'किंवा', 'नाही' चं शास्त्र ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते जॉर्ज बूल, इंग्रज गणिती. १८५४ साली त्यांनी माणसाच्या विचारांचे नियम बीजगणितात मांडणारं पुस्तक लिहिलं. त्यांच्या पत्नीचं माहेरचं नाव मेरी एव्हरेस्ट, आणि तिचे काका म्हणजे भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचं नाव पुढे शिखराला दिलं ते. मेरीबाई स्वतः गणित शिकवत आणि मुलांना गणित कसं शिकवावं यावर त्यांनी लिहिलंही. म्हणजे शोधखिडकीत आपण उणे चिन्ह टाकतो तेव्हा आपलं नातं लांबून का होईना, भारताच्या मोजणीशी पोचतं. हे आपलं जाता जाता.

'किंवा' चा सगळ्यात मोठा उपयोग आपल्यासारख्यांना गावांच्या नावांसाठी आहे. मुंबईचं इंग्रजी नाव १९९५ साली बदललं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. आता जन्मदाखल्याची किंवा जमिनीची माहिती काढायची तर जुनी पानं जुन्या नावाची, नवी पानं नव्या नावाची. नवं नाव कुणाला आवडो न आवडो, शोधताना दोन्ही लिहावीत, मधे ऑर. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांनी तर आणखी मागे जावं: पुण्याला 'पूना', ठाण्याला 'ठाना', सोलापूरला 'शोलापूर' अशी इंग्रजी स्पेलिंगं धरावीत. १८८० च्या दशकातली मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स याच स्पेलिंगांत आहेत आणि ती इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. आडनावांचंही तेच. चौधरी इंग्रजीत किती प्रकारांनी लिहितात ते मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. दीक्षितांमध्ये कुणी एक्स लावतो, कुणी केएसएच. प्रत्येकाला ऑर.

अर्धवट आठवणाऱ्या ओळीसाठी तारा आहे, म्हणजे फुलीसारखं दिसणारं ते चिन्ह. आईला एखादं भावगीत आठवतं, पण मधला शब्द सुटलेला असतो. जेवढे शब्द नक्की आठवतात ते अवतरणचिन्हांत लिहायचे आणि सुटलेल्या शब्दाच्या जागी तारा. दर वेळी लागतोच असं नाही, पण लागला की आईच्या चेहऱ्याकडे बघावं.

हे सगळं बहुतेक बिंगवर आणि डकडकगोवरही चालतं, बारीकसारीक फरक सोडून. आणि मघाचे ते लग्नातले काका नको असतील तर निकालाच्या वरच्या पट्टीत 'वेब' असा पर्याय असतो, कधी 'मोअर' च्या आत दडलेला, तो निवडला की नुसते दुवे राहतात. त्याच भागात 'टूल्स' मध्ये 'व्हर्बेटिम' आहे. ते निवडलं की यंत्र स्वतःची अक्कल बाजूला ठेवून आपलेच शब्द शोधतं.

आता एक गोष्ट अशी, जी कुठल्याही ऑपरेटरनं शोधू नये. ती म्हणजे बँकेचा, विमान कंपनीचा, गॅस एजन्सीचा 'कस्टमर केअर' नंबर. खोटे नंबर वेबवर पेरून ठेवायचा धंदा भारतात जोरात आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील तिकडे एकटे असतात, एटीएम कार्ड अडकलं की नातवानं शिकवल्याप्रमाणे फोनवर विचारतात आणि पहिला नंबर लावतात. पलीकडचा माणूस इतकं अदबीनं "आई" म्हणून बोलतो की विचारू नका. मग एक ॲप उतरवायला सांगतो, ज्यातून त्याला त्यांचा पडदा दिसतो, आणि ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवून या, आणि त्याखाली १९३० हाही लिहा. तो भारतातला सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर तिथे फोन जाईल तितकी ते मधेच अडवता येण्याची आशा जास्त, म्हणून मुलाला अमेरिकेत उठवून मग फोन करू असं म्हणू नका, आधी १९३०.

शेवटी, जे शोधायचं ते बाहेर कशाला, आपल्याच ई-मेलमध्ये असतं असाही अनुभव येतो. जीमेलच्या शोधखिडकीला स्वतःचे ऑपरेटर आहेत. 'फ्रॉम:' च्या पुढे पाठवणाऱ्याचं नाव, 'हॅज:अटॅचमेंट' म्हणजे ज्याला काही जोडलंय तेवढ्याच मेल, 'बिफोर:' आणि 'आफ्टर:' इथेही आहेत. मंडळाच्या नव्या खजिनदारांनी गणपतीच्या हॉलच्या डिपॉझिटची तीन वर्षांपूर्वीची पावती शोधून द्यायला सांगितली होती. मेल हजारो, आधीचे खजिनदार टेक्सासला गेलेले. फ्रॉम: मध्ये हॉलवाल्यांचं नाव, हॅज:अटॅचमेंट आणि दोन तारखा लावल्यावर चार मेल उरल्या, तिसरीत पावती होती. कधी चारही नुसत्या जाहिराती निघाल्या तर आणखी एक 'इन:एनीव्हेअर' जोडून बघावं, म्हणजे स्पॅम आणि कचरापेटीसुद्धा धुंडाळली जाते. कचरापेटीतलं मात्र जीमेल तीस दिवसांनी पुसून टाकतं, तेव्हा पावती हरवल्याचं लक्षात आल्यावर पुढच्या सभेपर्यंत थांबू नये.